उतारावरचे बाळ

तान्ह्या मुलाने पाजल्यानंतर घटकाभरात टाकलेल्या चमचाभर दुधाने घरातील वडीलधाऱ्या पुरुषांच्या कल्पकतेस जेवढी चालना मिळते, तेवढी आयुष्यातील दुसऱ्या कोणत्याही घटनेने मिळत नसावी. मूल रडू लागले तर ते बायकांचे खाते समजून हा वर्ग वर्तमानपत्र किंचित उंच धरतो. लंगोट बदलण्याची वेळ आली तर त्यास अकस्मात बँकेतल्या कामाची आठवण होते. परंतु दूध वर आले की त्याला त्यात जलशास्त्राचा, स्थापत्याचा, निदान गुरुत्वाकर्षणाचा तरी प्रश्न दिसू लागतो, आणि ज्या प्रश्नात गुरुत्वाकर्षण आहे तो बायकांच्या हाती सोपवून चालत नाही असा त्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा समज असल्यामुळे तो खुर्चीवरून उठतो, चष्मा पुसतो आणि कागद-पेन्सिल मागतो.

आमच्या शेजारचे रावसाहेब सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांची उभी हयात घाटरस्त्यांवर गेलेली. वीस फुटांस एक फूट ही चढण डोंगरी रस्त्याला मानवते, त्याहून अधिक झाली तर ट्रकवाले शिव्या देतात आणि कमी ठेवली तर वित्त विभाग, या एकाच सिद्धांतावर त्यांनी नोकरीची सगळी वर्षे अब्रूने काढली. अशा माणसाच्या घरी थोरली कन्या पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी यावी, तिला मुलगी व्हावी, बारशाची घुगऱ्या-पेढ्यांची गडबड ओसरावी, आणि त्या नातीने दर पाजण्यानंतर आजोबांच्या धुवट सदऱ्याच्या खांद्यावर दुधाचा नियमित भरणा करू लागावे, हा योग कल्पकतेला फारच पोषक होता.

वहिनींचा, म्हणजे रावसाहेबांच्या कुटुंबाचा, अभिप्राय थोडक्यात होता. त्या म्हणाल्या, “वजन वाढतंय, अंग धरतंय, खेळतंय. टाकलं तर टाकलं. तुमच्या लेकीनंही वर्षभर असंच टाकलं. तेव्हा तुम्ही आंबोली घाटात होतात.” या जबानीतील शेवटचे वाक्य रावसाहेबांनी कामकाजातून वगळले, पण उरलेल्या मजकुराशी वैद्यकशास्त्राचेही भांडण नाही. अन्ननलिका जठराला जेथे मिळते तेथे स्नायूंचे एक कडे असते. अन्न खाली जाऊ देणे आणि वर येऊ न देणे एवढीच त्याची नोकरी, पण नवजात अर्भकाच्या बाबतीत ते उमेदवारीच्या काळात असल्यासारखे ढिले काम करते. तीन महिन्यांच्या आतली जवळपास निम्मी बाळे दिवसातून एकदा तरी दूध टाकतात, चौथ्या महिन्याच्या सुमारास हा प्रकार कळसाला पोहोचतो, आणि वर्ष सरता सरता ते कडे कामावर कायम होऊन बहुतेकांची तक्रार आपोआप निकालात निघते. म्हणजे या व्याधीवरचा रामबाण उपाय कालहरण हाच होय. परंतु ज्या मनुष्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या कालहरणावर शेरे मारले, त्याला तो सांगायचा कोणी?

रावसाहेबांचे निदान निराळे होते. झडप गळते आहे. झडप बदलण्याचा अधिकार आपल्याला नाही. सबब दोन टोकांच्या पातळीत फरक निर्माण करणे ही एकच तजवीज उरते. बाळाचे डोके वर, पाय खाली. मध्ये योग्य तो उतार. आणि योग्य तो म्हणजे किती हे प्रयोगाने ठरवावयाचे असल्यामुळे उतार कमी-अधिक करण्याची सोय. अशा रीतीने चढउतार होणाऱ्या शिशुशय्येची दरखास्त जन्माला आली आणि जेवणाच्या टेबलावर तिचे दफ्तर उघडले.

आधी पूर्वपीठिका पाहणे आलेच. ग्रंथालयातून चरकसंहिता आणविली गेली, आणि शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात कुमारागाराचे, म्हणजे बाळाच्या खोलीचे, सविस्तर वर्णन सापडले तेव्हा रावसाहेबांना खात्यातील जुना नकाशा हाती लागल्याचा आनंद झाला. पण तो टिकला नाही. बाळाचे अंथरूण-पांघरूण मऊ, हलके, स्वच्छ आणि सुगंधी असावे असे आचार्यांनी सांगितले आहे. कोनाविषयी चकार शब्द नाही. आजचे डॉक्टर यातल्या ‘मऊ’वर हरकत घेतील, कारण गादी घट्ट असावी असा त्यांचा आग्रह, पण त्याच अध्यायात खेळण्यांसंबंधी जे नियम आहेत, ती जड नसावीत, टोकदार नसावीत, तोंडात शिरतील अशी नसावीत, जिवावर बेततील अशी नसावीत आणि बाळाला भिववतील अशीही नसावीत, ते वाचताना सरकारी मानक लिहिणाऱ्या आजच्या कोणत्याही समितीने ग्रंथकर्त्याला मानधन पाठवावे असे वाटते. रावसाहेब मात्र खट्टू झाले. मग कोणीतरी त्यांना बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची हकिकत सांगितली. या गृहस्थाने आपल्या धाकट्या मुलीसाठी पुढून काच असलेली, आतली ऊब नेमकी राखणारी, पेटीसारखी शय्या बनविली आणि 1945 साली बायकांच्या एका मासिकात तिच्यावर लेख लिहिला. लेखाला ‘पेटीतले बाळ’ अशा अर्थाचे शीर्षक छापले गेले आणि त्या शीर्षकाचे खुलासे करण्यात बिचाऱ्याची पुढली कित्येक वर्षे गेली. या कथेतून दुसऱ्या कोणी सावधगिरी घेतली असती. रावसाहेबांनी त्यातून एवढाच निष्कर्ष काढला की विद्वान माणसेही या क्षेत्रात उतरली आहेत आणि कोन अद्याप कोणाला सुचलेला नाही.

आराखडा खरोखर देखणा होता. तीस इंच लांब आणि अठरा इंच रुंद अशी सागवानी चौकट. पायथ्याशी दोन पितळी बिजागऱ्या. उशाखाली टेकू, आणि टेकू अडकविण्यासाठी तळच्या पट्टीवर सहा खाचा, दर खाचेस पाच अंश. सोबत कोष्टक. पहिल्या खाचेत उशाची उंची 2.6 इंच, दुसरीत 5.2, तिसरीत 7.8, असे चढत चढत सहाव्या खाचेत तीस अंशांस बरोबर पंधरा इंच, म्हणजे लांबीच्या नेमकी निम्मी. हा निम्मेपणा त्यांना इतका भावला की तीस अंशांची ज्या अर्धी असते ही गोष्ट जणू नातीच्या सोयीसाठीच विधात्याने ठरविली असावी असे ते बोलू लागले. आराखडा सुतारापुढे ठेवला गेला. सुताराने तो उलटा धरला, सुलटा धरला, आणि निर्विकारपणे म्हणाला, “साहेब, ही आरामखुर्ची. हिला कापड कधी लावायचं?”

वस्तुतः तो काही चुकीचे बोलला नव्हता. दुपारच्या जेवणानंतर कोकणातल्या ओसरीवर ज्या लाकडी दात्यांवर तीन पिढ्यांनी आपली पाठ टेकली, तेच दाते या आराखड्यात लहान होऊन आले होते; आणि मला तर तेथेच या साऱ्या उद्योगाचे मर्म दिसले. प्रौढ पुरुषाला सुखाची जी एक आसनव्यवस्था ठाऊक असते, तीच तो तान्ह्या जिवावर प्रेमाने लादतो. बाळाला सपाट पडून राहण्याबद्दल कसलीही तक्रार नसते. दिवसाचे सोळा तास ते बिनबोभाट झोपते. फक्त ते सोळा तास सलग नसतात, आणि जे आठ उरतात त्यांतले पुष्कळसे रात्री दोन ते पहाटे पाच या मुदतीत खर्ची पडतात. कोन हवा असतो तो घरातल्या माणसांच्या झोपेला. पण आपली झोप हवी असे म्हणण्याची लाज वाटते, म्हणून दरखास्त बाळाच्या नावाने दाखल होते.

पाळणा, झोळी आणि पांगुळगाडा एवढ्या सामग्रीवर महाराष्ट्र वाढला. पण या सामग्रीचे गुणगान आजकाल जरा बेताने करावे लागते. नऊवारीची झोळी दिसायला मोठी लोभस, पण तीत बाळाचे अंग धनुष्यासारखे वाकते आणि हनुवटी छातीकडे जाते. डोके गोल व्हावे म्हणून दिली जाणारी मोहरीची उशी डॉक्टरांना पाहवत नाही. असो. घरात पाळणा होता, चांगला घोटीव लाकडाचा, वर रंगीत चिमण्या टांगलेला. त्यात नात सपाट निजत होती आणि दूध टाकीत होती, आणि आजोबा टेबलाशी बसून पाचर तासावी तशी पेन्सिल तासत होते.

सुताराने वस्तू बनवून आणली त्या दिवशी चाचणी ठेवली गेली आणि साक्षीदार म्हणून मला बोलावण्यात आले. नात चाचणीसाठी मिळणार नाही असा हुकूम वहिनींनी आदल्या रात्रीच काढला होता. म्हणून चार किलो आंबेमोहोराची कापडी पिशवी घेऊन तिला अंगडे चढविण्यात आले, पिशवीच्या गळ्यावर सुतळीने एक सोललेला नारळ बांधून त्याला कुंची घालण्यात आली, कारण नवजात अर्भकाचे डोके त्याच्या एकंदर लांबीच्या चौथा हिस्सा असते हे रावसाहेबांनी वाचून ठेवले होते आणि प्रमाणबद्धतेत ते हयगय करीत नसत. पहिल्या दोन खाचांत आंबेमोहोर शिस्तीत पडून राहिला. तिसऱ्या खाचेत तो किंचित खाली उतरला. चौथ्या खाचेत तांदूळ पोटाकडे गोळा होऊन अंगड्याची बटणे ताणली. सहाव्या खाचेत, म्हणजे त्या विधिनिर्मित तीस अंशांत, पिशवी सर्रकन घसरून पायथ्याच्या फळीला टेकली, मध्येच दुमडली, आणि वरचा नारळ कुंचीसकट पुढे कलंडून छातीच्या जागी येऊन स्थिर झाला.

रावसाहेबांनी वहीत नोंद केली: ‘घसरण. पट्ट्याची तरतूद करणे. मानेस आधार देणे.’ वस्तुतः तीस अंशांच्या उतारावर, गादीवरच्या सुती चादरीवर, रोज सकाळी तेलाने मर्दन होणाऱ्या जिवाने थांबावे तरी कोणत्या घर्षणाच्या भरवशावर? मग पट्टा आला. पट्टा पोटावर आवळतो म्हणून तो दोन पायांमधून नेण्यात आला. पायांमधून नेल्यावर लंगोटाशी त्याचा हद्दीचा तंटा लागला. तो मिटविण्यासाठी कडेला कापडी बंद आले. बंदांमुळे मूल कुशीला कलते म्हणून दोन्ही बाजूंना लोडांची सूचना पुढे आली. प्रत्येक दुरुस्तीने नवी दुरुस्ती प्रसवावी हा खात्यातला जुना नियमच. फक्त तेथे ठेकेदाराला बिल मिळते. या साऱ्या चर्चेत वहिनी एकदाच आत आल्या आणि म्हणाल्या, “पिशवी मोकळी झाली असेल तर द्या. भात टाकायचाय.”

त्यानंतर पाचच मिनिटांनी जे दृश्य मी पाहिले त्याचे वर्णन केल्यावाचून पुढे जाववत नाही. भात चुलीवर चढवून वहिनी आतल्या खोलीत भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसल्या होत्या. नात नुकतीच पिऊन झाली होती. खांद्यावर घेऊन, पाठीवरून हात फिरवून, ढेकर काढून झाल्यावर त्यांनी गुडघे उभे केले आणि मांड्यांच्या त्या चढणीवर नातीला आपल्याकडे तोंड करून टेकविले. डोके गुडघ्यांशी, तळवे आजीच्या पोटाशी. नात कुरकुरली तेव्हा टाचा वीतभर पुढे सरकल्या आणि चढण तेवढी कमी झाली. उचकी लागली तेव्हा टाचा मागे आल्या. डावा हात सारा वेळ नातीच्या छातीवर होता. मान जरा पुढे कलली की उजव्या हाताचे एक बोट हनुवटीखाली जाई आणि ती नीट करी, आणि हे सर्व चालू असताना वहिनी खिडकीतून भाजीवालीशी मेथीच्या जुडीवरून हुज्जत घालीत होत्या. बिजागरी नाही, खाच नाही, कोष्टक नाही. पंधरा-वीस मिनिटांनी मुलीचे डोळे मिटले, तशी त्यांनी तिला उचलली आणि पाळण्यात उताणी, सपाट ठेवून दिली. मी दाराशीच उभा होतो. रावसाहेबांना हाक मारावी असे मनात आले होते, पण ते परसात सुताराला लोडांचे माप देत होते.

शेवटी बिछाना बाजूला राहिला तो लशीच्या दिवशी. बालरोगतज्ज्ञ बाईंपुढे रावसाहेबांनी आराखडा पसरला. बाईंनी तो लक्ष देऊन पाहिला, कारागिरीची तारीफ केली आणि विचारले, “आजोबा, यात झोपवायचंय कुणाला? बाळाला की घराला?” मग त्यांनी जे समजाविले त्यात थट्टा नव्हती. मूल उताणे निजले असता श्वासनलिका वरच्या बाजूला आणि अन्ननलिका तिच्या खाली असते, त्यामुळे वर आलेल्या दुधाला श्वासाच्या वाटेत शिरण्यासाठी चढून जावे लागते. ज्या गुरुत्वाकर्षणाला आजोबा कामावर लावू पाहत होते, ते सपाट बिछान्यात आधीच कामावर हजर आहे. उलट उतारावर बाळाचे जड डोके पुढे कलते, हनुवटी छातीला टेकते, आणि अर्भकाची मऊ, अरुंद श्वासनलिका त्या वाकण्याने दबू शकते. मान उचलून घेण्याचे बळ त्याच्या अंगात नसते आणि हाक मारण्याचेही नसते. बरे, उताराने दूध टाकणे थांबते म्हणावे तर तसाही अनुभव नाही. नारळाची हकिकत ऐकल्यावर बाई म्हणाल्या, “मग त्या नारळानं तुम्हाला सगळं सांगितलंच होतं की.”

अमेरिकेने हे फार मोठी किंमत देऊन जाणले. तेथे 1994 पासून बाळांना उताणे निजविण्याची मोहीम सरकारी पातळीवर चालू होती आणि झोपेत अकस्मात दगावणाऱ्या अर्भकांची संख्या तिने पुष्कळच खाली आणली होती. असे असता 2009 साली फिशर-प्राइस या खेळण्यांच्या नामांकित कंपनीने तीस अंशांत झोपविणारी एक झुलती शय्या बाजारात आणली. दूध टाकणारे मूल तीत निवांत निजते म्हणून थकलेल्या आईबापांनी ती डोक्यावर घेतली. तो खप वाईट हेतूने झाला असे कोणी म्हणणार नाही. रात्री तीन वाजता रडणारे मूल निजले की त्या निजण्याची चौकशी कोण करील? एप्रिल 2019 मध्ये सुमारे 47 लाख शय्या परत मागविण्यात आल्या, तेव्हा तीसहून अधिक बाळांच्या मृत्यूंची नोंद झाली होती. त्याच वर्षी तेथील ग्राहक सुरक्षा आयोगासाठी एरिन मॅनन या अभियांत्रिकीच्या विदुषीने बाळांच्या स्नायूंच्या हालचाली मोजल्या. उतारावर मूल अधिक सहजतेने पालथे होते, आणि पालथे झाल्यावर नाक-तोंड मोकळे ठेवण्यासाठी त्याच्या पोटाच्या स्नायूंना अधिक कष्ट पडून ते लवकर थकते, असे त्यांना आढळले. दहा अंशांच्या वर मूल झोपवू नये हा त्यांचा निष्कर्ष, आणि 2022 सालच्या कायद्याने वर्षाच्या आतील मुलांसाठी त्याहून अधिक उताराच्या शय्यांची विक्रीच तेथे बंद झाली.

रावसाहेबांनी हे सर्व निमूटपणे ऐकून घेतले. घरी आल्यावर त्यांनी आराखडा पुन्हा उघडला आणि तिसऱ्या खाचेपासून सहाव्यापर्यंत तांबड्या पेन्सिलीने तिरपी रेघ मारून ‘रद्दबातल’ असे लिहिले. उरल्या दोन. पहिल्या खाचेने काही साधत नाही हे आंबेमोहोराने सिद्ध केले होते. दुसरी कायद्याच्या अगदी वेशीवर, आणि बाईंनी तर वेशीपर्यंत जाण्याचीही परवानगी दिली नव्हती: सपाट, घट्ट, आणि भोवती लोड, उशी, बंद काही नाही. अर्धा तास विचार करून त्यांनी उरलेल्या दोन खाचांवरही रेघ ओढली. ज्या शय्येचा सारा महिमा तिच्या चढउतारात, तिला एकच स्थिती उरली, आणि ती म्हणजे बिजागऱ्या जमिनीला समांतर ठेवून मिटलेली. सुताराचे बिल मात्र सहा खाचांचेच आले.

नात आता दूध टाकीत नाही. ती भात टाकते, आणि तोही हेतुपुरस्सर, लांबवर. पण नुकतीच या प्रकरणाला एक पुरवणी जोडली गेली. रात्रीच्या जेवणानंतर आडवे झाले की रावसाहेबांच्या घशाशी आंबट येऊ लागले. डॉक्टरांनी रात्री लवकर जेवायला, भजी कमी करायला आणि पलंगाची उशाकडची बाजू सहा-आठ इंच उंच करायला सांगितले. नुसत्या उशा वाढवून भागत नाही, त्याने कंबरेत घडी पडते, सबंध पलंगच कलता हवा. मोठ्या माणसाच्या बाबतीत हा उपाय खरोखरच लागू पडतो. जो उतार नातीला वर्ज्य तोच आजोबांना विहित, हे ऐकून रावसाहेबांचा चेहरा असा उजळला की डॉक्टरांनी औषधाची चिठ्ठी लिहिता लिहिता वर पाहिले. घरी येताच कागद निघाला, पेन्सिल तासली गेली, स्क्रूजॅक लावावा की दाते ठेवावेत यावर माझे मत विचारण्यात आले. आम्ही या विचारविनिमयात असतानाच वहिनींनी मोलकरणीच्या मदतीने परसातल्या चार विटा आणून पलंगाच्या उशाकडील दोन पायांखाली दोन-दोन सारल्या. तीन इंचांची एक वीट. दोहोंचे सहा इंच. रावसाहेबांनी पाणसळ लावून पाहिली, टेप धरला, आणि साडेसहा फुटी पलंगास सहा इंच म्हणजे साडेचार अंशांच्याही आत, असे काहीशा नाराजीने जाहीर केले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाला गेलो तेव्हा आंबट आले का याची चौकशी केली. आंबट आले नव्हते, पण रात्रभर आपण घसरत होतो आणि पहाटे पाय पायथ्याच्या फळीला लागले होते, अशी त्यांची तक्रार होती. वहिनी काही बोलल्या नाहीत. त्या आत गेल्या, आणि त्या मिटलेल्या शय्येचा दोन पायांमधून जाणारा पट्टा, स्वच्छ धुतलेला, चहाच्या कपाशेजारी आणून ठेवला.